ओटीवरचे पुराण

आमच्या वसईच्या जुन्या घरांत ओटी ही केवळ बसण्याउठण्याची जागा नव्हती. दिवेलागणीला वाडीतून परतलेली माणसे पाय धुऊन तिथे टेकत. आल्ताराजवळ रोझरी होई. मग तांदळाची भाकरी, सुक्या बोंबलाचे कालवण आणि उपवासकाळात नुसती पेज व लोणचे, एवढ्यावर सारे घर तृप्त होई. जेवणे आटोपली की ज्याला वाचता येई त्याने दिव्याजवळ बसून मोठ्याने वाचायचे आणि इतरांनी ऐकायचे. राजेळी केळ्यांची सुकेळी हातात आणि संतचरित्र कानात, यापरते सुख आम्हांला बालपणी ठाऊक नव्हते.

या साध्या सुखालाही इतिहास आहे. त्याचा शोध घेऊ गेल्यास वसईहून गोव्यातील सासष्टीपर्यंत जावे लागते. त्या काळी हे दोन्ही मुलूख पोर्तुगीज अमलाखाली होते. वसईत तो अंमल १५३४ पासून १७३९ पर्यंत टिकला. सोळाव्या शतकात सासष्टीतील अनेक कुटुंबांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला तेव्हा राजसत्तेने आणि धर्मसत्तेने त्यांच्या जुन्या ग्रंथांवर बंदी घातली. पोथ्या गेल्या, पुराणकथा गेल्या. बंदी घालणाऱ्यांना वाटले की केवळ जुनी श्रद्धा दूर झाली. परंतु त्या पोथ्यांबरोबर लोकांची संध्याकाळही हिरावली गेली होती, हे त्यांच्या ध्यानी आले नाही.

ते ज्याच्या ध्यानी आले तो एक इंग्रज येशूसंघीय धर्मगुरू होता. फादर थॉमस स्टीफन्स १५७९ च्या ऑक्टोबरात गोव्यास पोहोचले आणि पुढची सुमारे चाळीस वर्षे, १६१९ मधील मृत्यूपर्यंत, याच भूमीत राहिले. त्यांच्या ‘ख्रिस्तपुराणा’च्या आरंभी एक मार्मिक प्रसंग आहे. धर्मशिक्षण चालू असता एक नवख्रिस्ती ब्राह्मण पाद्रींना नम्रपणे विचारतो, की आमची पूर्वीची पुराणे आपण वर्ज्य केलीत, मग त्यांच्या जागी आमच्यासाठी तसेच काही का रचीत नाही? या प्रश्नात बंड नाही, अवज्ञा नाही. घरी परतल्यावर मन कशात रमवावे, एवढीच विचारणा आहे.

फादर स्टीफन्स यांनी त्यावर आज्ञापत्र काढले नाही. त्यांनी मराठी आत्मसात केली, ओवीचा छंद उचलला आणि सुमारे ११ हजार ओव्यांत जगाच्या उत्पत्तीपासून प्रभू येशूच्या स्वर्गारोहणापर्यंतची कथा सांगितली. १६१६ साली रायतूर येथे तो ग्रंथ रोमन लिपीत छापला गेला. १६४९ आणि १६५४ साली त्याच्या पुढील आवृत्त्या निघाल्या. या तिन्ही आवृत्त्यांची एकही छापील प्रत आज उपलब्ध नाही. ग्रंथ टिकला तो हस्तलिखितांमुळे. तशा हस्तलिखितांच्या आधारे १९०७ साली मंगळूर येथे जोसेफ साल्ढाणा यांनी तो पुन्हा छापला. देवनागरीतील छापील आवृत्ती मराठी वाचकांच्या हाती येण्यास मात्र १९५६ साल उजाडावे लागले. ते श्रेय शांताराम बंडेलू यांचे. छापील प्रती नाहीशा झाल्या तरी कुणीतरी दिव्याच्या उजेडात ओवी ओवी उतरवून घेत राहिले, हे आम्हांला फार मोलाचे वाटते. आवडल्यावाचून कुणी एवढे श्रम घेत नाही.

आता अलीकडच्या इतिहासाकडे वळू. २ ऑक्टोबर १९७२ रोजी मुंबई दूरदर्शन केंद्र सुरू झाले. वसई मुंबईच्या उंबरठ्यावरच असल्यामुळे पुढील काही वर्षांत आमच्या कौलांवरही अँटेना दिसू लागल्या. आमच्या आळीत प्रथम एकच संच होता, लाकडी दारांच्या पेटीतला, कृष्णधवल. ‘गजरा’ किंवा ‘चिमणराव’ लागला की अर्धी आळी त्या ओटीवर लोटे. एक मुलगा छपरावर चढून अँटेना फिरवी आणि खालून ‘आलं, आलं!’ असा घोष होई. कुणाच्या घरून शेंगा येत, कुणाच्या घरून केळी. रोझरी बातम्यांच्या आधी उरकायची की नंतर, एवढाच काय तो तंटा असे. २५ जानेवारी १९८७ पासून ‘रामायण’ मालिका रविवारी सकाळी साडेनऊला सुरू झाली तेव्हा मात्र उशिराच्या मिस्सेतील बाके विरळ दिसू लागली आणि प्रवचनांत या पेटीची खरडपट्टी निघू लागली.

वास्तविक ख्रिस्तसभेने या यंत्राचा कधी तिरस्कार केला नव्हता. पोप बारावे पायस यांनी १९५८ साली असिसीच्या संत क्लारा यांना दूरचित्रवाणीच्या आश्रयदात्या संत म्हणून घोषित केले. आजारपणामुळे नाताळच्या उपासनेस जाऊ न शकलेल्या क्लारा यांना तो विधी आपल्या खोलीतूनच दिसला व ऐकू आला, अशी परंपरा आहे. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने ४ डिसेंबर १९६३ रोजी संपर्कमाध्यमांविषयी स्वतंत्र आदेश काढून त्यांना देणगीच मानले. जॉन पॉल दुसरे यांनीही २००२ च्या रोझरीविषयक पत्रात खंत व्यक्त केली ती अशी, की कुटुंबे क्वचितच एकत्र येतात आणि तो दुर्मिळ वेळही टीव्ही पाहण्यात जातो.

धर्मगुरू झाल्यावर आम्हीही अशी प्रवचने केली. संध्याकाळच्या मालिकांवर एकदा आम्ही बरीच टीका केली. मिस्सेनंतर एक वयस्क बाई दाराशी थांबल्या आणि म्हणाल्या, “फादर, तुम्ही म्हणता तर बंद करते. पण मग संध्याकाळी करू काय? पोरं वसईबाहेर, डोळ्यांना अक्षर दिसत नाही.” आम्ही प्रार्थना करा असे म्हणालो. त्या म्हणाल्या, “ती तर करतेच की.” त्या बाईंचा प्रश्न सासष्टीतल्या त्या ब्राह्मणाचाच होता. चारशे वर्षांत प्रश्न बदलला नव्हता. कमी पडले ते उत्तर देणारे. वर्ज्य काय हे आम्ही सांगितले, पण त्याच्या जागी काहीच ठेवले नाही.

२०२० च्या टाळेबंदीत चर्चची दारे बंद झाली तेव्हा घरोघरी त्याच पडद्यावर मिस्सा पाहिली गेली. त्या बाईही पदर सावरून टीव्हीसमोर गुडघ्यावर बसत, असे त्यांच्या मुलाने आम्हांस सांगितले. संत क्लारा यांची आठवण आम्हांला तेव्हा झाली, आणि आमच्या जुन्या प्रवचनाचीही.

आज टीव्हीसुद्धा एकाकी पडला आहे. प्रत्येकाच्या हाती स्वतंत्र पडदा आहे आणि एका ओटीवर बसून सारे घर एकच गोष्ट ऐकते, असे क्वचितच घडते. त्यावर बंदी घाला, असे आता आम्ही म्हणणार नाही. गेल्या पावसाळ्यापासून आमच्या धर्मग्रामातील काही घरांत रोझरीनंतर एकाने एक पान मोठ्याने वाचावे, असा प्रघात आम्ही सुरू केला आहे. कुठे फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांचे ‘सुबोध बायबल’ वाचतात, कुठे ‘ख्रिस्तपुराण’. पान संपले की ज्याला टीव्ही लावायचा त्याने लावावा. त्या बाईंच्या घरी शेजारची सातवीतली मुलगी वाचायला जाते. वाचून झाले की बाई तिला सुकेळी देतात आणि मग दोघी मिळून मालिका पाहतात.