मंडळ सोडावें कीं न सोडावें?

अमेरिकेंतील विद्यापीठांच्या क्रीडाभक्तांमध्यें एक वाद शंभरांहून अधिक वर्षें पुनःपुन्हा उफाळून येत आहे. क्रीडाभक्त म्हणजे केवळ विद्यार्थी नव्हेत. माजी विद्यार्थी आणि शेजारधर्मानें जयघोष करणारे त्या गांवचे दुकानदार हेहि त्यांत आले. आपल्या विद्यापीठानें ज्या क्रीडामंडळांत आजवर खेळ केला त्यांतच राहावें, कीं तें सोडून दुसरीकडे जावें, हा तो वाद होय. आपल्याकडील वाचकास यांत वाद घालण्यासारखें काय आहे असें वाटणें साहजिक आहे. आमच्या महाविद्यालयांचे सामने विद्यापीठ ठरवितें; कोणाशीं खेळावयाचें हें निवडण्याचा प्रसंग आमच्या विद्यार्थ्यांवर येत नाहीं. तिकडे मात्र कांहीं विद्यापीठें एकत्र येऊन करार करतात, व त्या मंडळास ‘कॉन्फरन्स’ म्हणतात. खेळाडू कोणास समजावें, तो किती वर्षें खेळूं शकेल, वर्षाचे सामने कोणाशीं व्हावेत आणि आलेला पैसा कसा वांटावा, हें सर्व तें मंडळ ठरवितें. तेव्हां मंडळ बदलणें म्हणजे शेजारी, कायदा आणि तिजोरी हीं तिन्हीं एकाच वेळीं बदलणें होय. इतक्या गोष्टी पणास लागल्यावर माणसें भांडलीं नाहींत तरच नवल.

या वादाची एक जुनी आणि विचार करण्यासारखी हकीकत मिशिगन विद्यापीठाची आहे. १८९५ च्या जानेवारींत पर्ड्यू विद्यापीठाचे अध्यक्ष जेम्स स्मार्ट यांनीं शिकागो शहरांतील पामर हाउस या हॉटेलांत आसपासच्या विद्यापीठांच्या अध्यक्षांची सभा बोलाविली. पुढील वर्षीं फेब्रुवारींत सात विद्यापीठांचे प्राध्यापक-प्रतिनिधि तेथेंच जमले आणि मंडळ अस्तित्वांत आलें. मिशिगन, शिकागो, मिनेसोटा, विस्कॉन्सिन, इलिनॉय, नॉर्थवेस्टर्न आणि पर्ड्यू हे ते सात सभासद. लोक त्यास ‘वेस्टर्न कॉन्फरन्स’ म्हणत. या मंडळाचें मूलतत्त्व एकच होतें: खेळावर सत्ता अध्यापकांची असावी, विद्यार्थ्यांची, माजी विद्यार्थ्यांची किंवा तिकिटें विकणारांची नसावी.

हें तत्त्व पाळणें मिशिगनला प्रथम जड गेलें नाहीं. १९०१ सालीं फील्डिंग योस्ट नांवाचा शिक्षक अ‍ॅन आर्बर येथें आला आणि त्यानें फुटबॉलचा जो संघ तयार केला त्याची कथा आज अतिशयोक्तीची वाटते. (हा फुटबॉल आपल्या परिचयाचा नव्हे, चेंडू हातांत घेऊन धावण्याचा, रग्बीच्या वंशांतला हा खेळ आहे.) १९०१ ते १९०५ या पांच हंगामांत मिशिगननें प्रतिपक्षांवर २,८२१ गुण केले आणि स्वतःवर अवघे ४२ होऊं दिले. सलग ५६ सामने हा संघ हरला नाहीं. अखेर १९०५ च्या ३० नोव्हेंबरला, ‘थँक्सगिव्हिंग’च्या सणाच्या दिवशीं, शिकागो विद्यापीठानें त्यास २–० असें हरविलें. मिशिगनचा एक गडी चेंडूसह आपल्याच सीमारेषेमागें अडविला गेला, आणि त्याबद्दल प्रतिपक्षास मिळणारे दोन गुण तेवढे त्या दिवशीं झाले.

त्याच हंगामांत या खेळाचें दुसरें रूप सर्व देशापुढें आलें. ‘शिकागो ट्रिब्यून’नें मैदानावर मेलेल्यांची संख्या १८ मोजली. अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनीं त्यापूर्वींच, ऑक्टोबरांत, पूर्वेकडील मोठ्या विद्यापीठांच्या क्रीडाप्रमुखांस व्हाइट हाउसमध्यें बोलावून कानउघाडणी केली होती. पश्चिमेंत हें काम अंगावर घेतलें तें मिशिगनचेच वृद्ध अध्यक्ष जेम्स एंजल यांनीं. १८७१ पासून ते त्या पदावर होते, आणि त्यांच्या शब्दास मान होता. १९०६ च्या जानेवारींत त्यांच्या आमंत्रणावरून मंडळाचे प्रतिनिधि शिकागोस जमले. विस्कॉन्सिनच्या वतीनें तेथें इतिहासकार फ्रेडरिक जॅक्सन टर्नर आले होते. सरहद्दीवरील वसाहतींनीं अमेरिकेचा स्वभाव कसा घडविला, हें सांगणारा ज्यांचा निबंध आमच्या इतिहासाच्या विद्यार्थ्यांसहि ठाऊक असतो, तेच हे टर्नर. फुटबॉल कांहीं काळ बंदच ठेवावा या मताचे ते होते, आणि त्यापायीं मॅडिसन गांवीं एका रात्रीं त्यांच्या घरापुढें विद्यार्थ्यांचा संतप्त जमाव जमला. इतिहासाच्या प्राध्यापकाच्या दारीं एवढी गर्दी दुसऱ्या कोणत्याहि कारणानें जमली असती असें आम्हांस वाटत नाहीं.

खेळ बंद झाला नाहीं. नियम मात्र कडक झाले. विद्यापीठांत एक वर्ष काढल्यावांचून कोणीं संघांत येऊं नये, तीन वर्षांहून अधिक कोणीं खेळूं नये, हंगामांत पांचच सामने व्हावेत, खेळाडूंसाठीं वेगळी पंगत बंद व्हावी, विद्यार्थ्यांचें तिकीट पन्नास सेंटांहून महाग नसावें आणि क्रीडाशिक्षक हा विद्यापीठाचा नियमित सेवक असून त्याचें वेतन बेताचें असावें, असें ठरलें. जे विद्यार्थी तीन वर्षें आधींच खेळून चुकले होते त्यांसहि नवा नियम लागू झाला.

अ‍ॅन आर्बरमध्यें यावर जो वाद माजला त्यांत दोन्ही बाजूंस कांहीं तथ्य होतें. १९०५ सालीं तेरा सामने खेळलेल्या संघानें १९०६ सालीं पांच खेळावे, हें तिकिटांवर चालणाऱ्या क्रीडाखात्यास कसें परवडावें? नियम करण्यापूर्वीं खेळलेलीं वर्षें मोजणें हें तर कायदा मागें ओढून लावण्यासारखें होतें. विधिशाखेच्या विद्यार्थ्यांस ती सरळ अन्यायाची गोष्ट वाटली असल्यास आश्चर्य नाहीं. शिवाय क्रीडाशिक्षकाविषयींचा नियम जणूं योस्टसाठींच केला आहे, अशी कुजबुज होती. योस्ट वर्षाचा बराच काळ आपल्या व्यापारांत घालवी आणि हंगामापुरता येई. उलट शिकागोचे एलॉन्झो स्टॅग हे १८९२ पासून आपल्या विद्यापीठांत कायम पदावर होते, त्यांस त्या नियमाची झळ लागणार नव्हती. इतकें सारें मान्य करूनहि एक गोष्ट उरते. हे नियम परक्यानें लादलेले नव्हते. मिशिगनच्या अध्यक्षानेंच सर्वांस बोलावून ते घडवून आणले होते. अध्यापकवर्गांतील पुष्कळांस हीच गोष्ट लागून राहिली.

परंतु अंतिम सत्ता अध्यापकांच्या हातीं नव्हती. मिशिगनचे नियामक, म्हणजे ‘रीजंट’, संस्थानभर मतदान होऊन निवडून येतात, आणि लोकांच्या मतांवर निवडून येणारा मनुष्य लोकांच्या खेळाकडे दुर्लक्ष करूं शकत नाहीं. १९०७ च्या शरदांत नियामकांनीं क्रीडानियंत्रक समितीची रचना बदलून अध्यापकांचें वजन कमी केलें, आणि १९०८ च्या जानेवारींत मिशिगननें मंडळ सोडलें. एंजल दुसऱ्याच वर्षीं निवृत्त झाले. आपण लावलेलें झाड आपल्याच घरच्यांनीं तोडलेलें त्यांस पाहावें लागलें.

सोडणारांची कल्पना अशी होती कीं, पूर्वेकडील जुनीं, प्रतिष्ठित विद्यापीठें आतां आपलीं सोबती होतील. कांहीं अंशीं तसें झालेंहि. पेन्सिल्व्हेनियाशीं दरवर्षीं सामना होऊं लागला; कॉर्नेल व सिराक्यूज आलीं; १९१४ सालीं हार्वर्डशीं गांठ पडून मिशिगन ७–० असें हरलें. पण शिकागो अ‍ॅन आर्बरपासून सुमारें २५० मैलांवर, तर फिलाडेल्फिया त्याच्या दुपटीहून दूर! पूर्वेकडच्यांस मिशिगनशीं खेळणें ही एक सहल होती. त्यांची खरी स्पर्धा आपसांतच चाले. इकडे जुन्या शेजाऱ्यांचा राग वाढला. मिनेसोटानें १९०९ व १९१० सालीं मैत्री राखून सामने खेळले, तोंच मंडळानें ठरविलें कीं, जो सभासद बाहेर पडला त्याच्याशीं उरलेल्यांनीं खेळूं नये. आपल्या गांवांतल्या वाळीत टाकण्याचाच हा प्रकार. मिनेसोटाचा सामना १९१९ पर्यंत पुन्हा झाला नाहीं. ओहायो स्टेटनें १९१२ सालीं मंडळांत प्रवेश केला आणि तोहि शेजारी तुटला. शिकागोशीं तर १९०५ नंतर गांठच नव्हती; तो २–० चा पराभव फेडावयाचा राहूनच गेला.

आमच्या मतें परत जाण्याचा निर्णय कोणत्याहि युक्तिवादापेक्षां या एकटेपणानेंच अधिक घडविला. १९१५ च्या हंगामांत मिशिगनला कॉर्नेलनें ३४–७ आणि जवळच्याच कृषिमहाविद्यालयानें २४–० असें हरविलें. जिंकणारा संघ एकटा राहूं शकतो, त्यास प्रतिपक्ष शोधीत येतात. हरूं लागलेल्या संघास शेजारी लागतात. मंडळाची अट जुनीच होती, अध्यापकांची सत्ता. ती नियामकांनीं मान्य केली आणि १९१७ च्या नोव्हेंबरांत मिशिगन परत आलें. त्याच महिन्यांत नॉर्थवेस्टर्ननें त्यास २१–१२ असें हरवून स्वागत केलें! तरी पुढच्याच वर्षीं शिकागोवर १३–० असा विजय मिळाला. तेरा वर्षांचें उट्टें निघालें. मिशिगन परतल्यामुळें सभासदांची संख्या दहा झाली आणि ‘बिग टेन’ हें नांव तेव्हांच रूढ झालें. आज सभासद अठरा आहेत, पण नांव दहाचेंच आहे. गणिताच्या प्राध्यापकांनीं हें कसें चालवून घेतलें तें तेच जाणोत.

मंडळ सोडण्याचा दुसराहि एक मार्ग आहे, आणि तो शिकागोनें दाखविला. तेथील अध्यक्ष रॉबर्ट हचिन्स यांस विद्यापीठ आणि फुटबॉल हीं एका छपराखालीं नांदणें विसंगत वाटे. १९३९ सालीं मिशिगननें शिकागोस ८५–० असें हरविलें, आणि त्या डिसेंबरांत शिकागोनें फुटबॉलच बंद केला; १९४६ सालीं तें मंडळांतूनहि बाहेर पडलें. जे मैदान स्टॅगच्या नांवानें प्रसिद्ध होतें, त्याच्या ओस प्रेक्षागाराखालीं १९४२ च्या २ डिसेंबरला एन्रिको फर्मी व त्यांच्या सहकाऱ्यांनीं अणूंची पहिली नियंत्रित शृंखलाक्रिया घडविली. शिकागो दुसऱ्या श्रीमंत मंडळांत गेलें नाहीं. त्यानें तो हव्यासच सोडला. असें धैर्य पुढें फार थोड्यांनीं दाखविलें.

कारण मधल्या काळांत पैशाचा उगम बदलला. पूर्वीं तो फाटकावर जमा होई, म्हणून शेजारी जवळ असणें फायद्याचें होतें; प्रेक्षक आगगाडीनें येत. दूरदर्शन आल्यावर प्रेक्षक घरींच बसले. सामने दाखविण्याचे हक्क विकण्याची मक्तेदारी राष्ट्रीय क्रीडासंस्थेकडे होती. १९८४ सालीं अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानें ती सात विरुद्ध दोन मतांनीं बेकायदा ठरविली. भिन्न मत देणाऱ्या दोघांत न्यायमूर्ति बायरन व्हाइट होते, आणि तरुणपणीं ते स्वतः कोलोरॅडो विद्यापीठाचे नामांकित फुटबॉलपटु होते. शिक्षणसंस्थांच्या खेळास निव्वळ बाजाराचा कायदा लावूं नये असा त्यांचा आशय होता. बहुमत झालें तें झालें. मंडळें आपापले हक्क विकूं लागलीं. २०२२ च्या ऑगस्टांत बिग टेननें सात वर्षांचे हक्क ७ अब्ज डॉलरांहून अधिक किंमतीस विकल्याचें प्रसिद्ध झालें.

त्याच उन्हाळ्यांत, ३० जूनला, लॉस एंजेलिसच्या दोन विद्यापीठांनीं पॅसिफिक किनाऱ्याचें जुनें मंडळ सोडून बिग टेनमध्यें जाण्याचें जाहीर केलें होतें. नव्या मंडळांतील त्यांचा एक ‘शेजारी’ न्यू जर्सींतील रटगर्स हा आहे, म्हणजे सुमारें २,४०० मैलांवर. फुटबॉलचा संघ आठवड्यांतून एकदां खेळतो, त्यास हें झेपेल. व्हॉलीबॉल खेळणाऱ्या मुलींनीं परीक्षेच्या दिवसांत खंड ओलांडून जावें-यावें, याचा विचार त्या करारांत कोठें केला गेला हें आम्हांस दिसत नाहीं. पुढें ओरेगन व वॉशिंग्टन त्याच मार्गानें गेलीं. इतरांनींहि वाट धरली. स्टॅनफर्ड व कॅलिफोर्निया हीं पॅसिफिककांठचीं विद्यापीठें तर ‘अ‍ॅटलांटिक कोस्ट’ मंडळांत दाखल झालीं! बारांपैकीं २०२४ सालीं उरलीं दोन: कॉर्व्हालिस गांवचें ओरेगन स्टेट आणि पुलमन गांवचें वॉशिंग्टन स्टेट.

या दोघांच्या चाहत्यांनीं ‘जावें कीं राहावें’ हा वाद घातला नसेल असें नाहीं. पण त्यांस बोलावणेंच कोठून आलें नव्हतें. १९०८ सालीं मिशिगन गेलें तेव्हां घर उभें होतें. मागें राहिलेल्यांनीं नियम संभाळले, राग धरला, वाळीत टाकलें, आणि नऊ वर्षांनीं दार उघडलें. पॅसिफिक किनाऱ्यावर दहाजण गेल्यावर दार उघडण्यास उरलेल्या दोघांस आधीं घराचा ताबाच मिळवावा लागला. जे निघून जाणार आहेत त्यांस मंडळाच्या पैशाविषयीं मत देण्याचा अधिकार आहे काय, हा प्रश्न घेऊन तीं दोन विद्यापीठें २०२३ सालीं व्हिटमन परगण्याच्या न्यायालयांत गेलीं. नोव्हेंबरांत न्यायाधीशानें त्यांच्या बाजूनें अंतरिम हुकूम दिला, व संस्थानच्या वरिष्ठ न्यायालयानें तो फिरविला नाहीं. मंडळाचा कारभार आणि शिल्लक द्रव्य त्यांच्या हातीं आलें, आणि पुढील वर्षीं त्यांनीं नव्या सभासदांस बोलावण्यास आरंभ केला. १९१५ च्या डिसेंबरांत पोर्टलंड येथें ज्या चार संस्थांनीं त्या किनाऱ्यावरील मंडळ स्थापिलें, त्यांत ओरेगनचें कृषिमहाविद्यालय एक होतें. आजचें ओरेगन स्टेट तें हेंच.