मिस अमेरिका स्पर्धा

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील राष्ट्रीय सौंदर्यस्पर्धा. न्यू जर्सी राज्यातील अटलांटिक सिटी या समुद्रकाठच्या शहरी १९२१ मध्ये तिचा प्रारंभ झाला. राष्ट्रीय पातळीवरील सौंदर्यस्पर्धांपैकी ती अत्यंत जुनी व दीर्घकाळ टिकलेली स्पर्धा होय. विजेतीस एका वर्षापुरता ‘मिस अमेरिका’ हा किताब, मुकुट व शिक्षणासाठी शिष्यवृत्ती मिळते. देशातील आदर्श तरुणी कोणती, हे ठरविण्याचा दावा या स्पर्धेने आरंभापासून केला. तथापि आदर्श कशास म्हणावे, याविषयीची तिची कल्पना वेळोवेळी पालटत गेली. हा पालट स्पर्धेच्या गुणदानपद्धतीत व पात्रतेच्या नियमांत स्पष्टपणे उमटलेला दिसतो.

पार्श्वभूमी व प्रारंभ : न्यूयॉर्कमधील आपल्या संग्रहालयात सौंदर्यस्पर्धा भरविण्याचा प्रयत्न पी. टी. बार्नम या प्रसिद्ध करमणूक-व्यावसायिकाने १८५४ मध्ये केला होता. प्रतिष्ठित घराण्यातील स्त्रियांनी परीक्षणासाठी लोकांपुढे उभे राहणे त्या काळी अप्रशस्त मानले जाई. त्यामुळे स्त्रियांऐवजी त्यांची छायाचित्रे मागविण्याची योजना त्याला आखावी लागली. पुढे वृत्तपत्रांनी छायाचित्रांच्या स्पर्धांची ही कल्पना उचलली आणि ती लोकप्रिय झाली.

अटलांटिक सिटीचा पर्यटनाचा हंगाम सप्टेंबरच्या प्रारंभी येणाऱ्या कामगार दिनाबरोबर संपे. पर्यटकांनी आणखी काही दिवस मुक्काम करावा, या हेतूने तेथील व्यापाऱ्यांनी व हॉटेलमालकांनी १९२० मध्ये एक उत्सव सुरू केला. दुसऱ्या वर्षी त्याला सौंदर्यस्पर्धेची जोड देण्यात आली. आसपासच्या शहरांतील वृत्तपत्रांनी छायाचित्रांवरून निवडलेल्या तरुणी सप्टेंबर १९२१ मध्ये तेथे जमल्या. त्यांतून वॉशिंग्टन डी. सी. येथील मार्गारेट गॉर्मन ही १६ वर्षांची शाळकरी मुलगी विजयी ठरली. ‘मिस अमेरिका’ हे नाव तिला पुढील वर्षी मिळाले. अमेरिकन स्त्रियांना मतदानाचा घटनात्मक हक्क मिळून त्या वेळी जेमतेम एक वर्ष झाले होते. मतदान करणारी, नोकरी करणारी व केस आखूड ठेवणारी नवी स्त्री तेव्हा शहरांतून दिसू लागली होती. परीक्षकांनी मात्र लांब केसांच्या, लहानखुऱ्या मुलीची निवड केली.

आरंभीच्या वर्षांत शरीराचे अवयववार मूल्यमापन होई. एकूण १०० गुण डोके, डोळे, नाक, केस, हात, पाय इत्यादींमध्ये विभागलेले असत. ओहायओ राज्यातील कोलंबस येथील मेरी कॅथरिन कॅम्बेल हिने १९२२ व १९२३ अशी लागोपाठ दोन वर्षे किताब मिळविला. असा मान दुसऱ्या कोणासही मिळालेला नाही. कारण त्यानंतर विजेतीस पुन्हा भाग घेण्यास मनाई करण्यात आली.

पुनर्रचना : धार्मिक संस्था व महिला मंडळे यांची टीका वाढू लागली. स्पर्धेमुळे शहराचा लौकिक बिघडतो, असे हॉटेलमालकांनाही वाटू लागले. परिणामी १९२८ ते १९३२ या काळात ती बंद राहिली. १९३३ मध्ये ती एकदा भरली व १९३५ पासून पुन्हा नियमित झाली. त्याच वर्षी लेनोरा स्लॉटर या संयोजक म्हणून आल्या आणि १९६७ पर्यंत स्पर्धेची सूत्रे त्यांच्याकडे राहिली. स्पर्धेला मध्यमवर्गीय प्रतिष्ठा मिळवून देणे, हे त्यांचे उद्दिष्ट होते. त्यांनी गायन, वादन, नृत्य, अभिनय यांसारख्या कलागुणांची फेरी सुरू केली व १९३८ मध्ये ती सक्तीची केली. किमान १८ वर्षे वयाची व अविवाहितपणाची अट आली. शहरातील प्रतिष्ठित घरांतील स्त्रियांची पालिका म्हणून नेमणूक झाली आणि स्पर्धेच्या आठवड्यात पुरुषांशी बोलण्यासही स्पर्धकांना बंदी करण्यात आली. या कडक शिस्तीस १९३७ मधील घटनाही कारणीभूत होती : त्या वर्षीची १७ वर्षांची विजेती बेट कूपर मुकुट मिळाल्याच्या रात्रीच शहर सोडून निघून गेली आणि दुसऱ्या दिवशी छायाचित्रकारांना तिच्यावाचून परतावे लागले.

स्पर्धेने प्रतिष्ठेची अशी कुंपणे घातली, त्यांतील एक वर्णभेदाचे होते. स्पर्धक निरोगी व गौरवर्णीय असावी, असे नियमावलीतील सातव्या नियमात नमूद होते. हा नियम १९५० च्या सुमारास काढून टाकण्यात आला; तरी शेरिल ब्राउन ही पहिली कृष्णवर्णीय स्पर्धक राष्ट्रीय फेरीत पोहोचण्यास १९७० साल उजाडावे लागले. ती आयोवा राज्याची प्रतिनिधी होती.

शिष्यवृत्ती १९४५ मध्ये सुरू झाली. त्या वर्षीची विजेती बेस मायरसन ही न्यूयॉर्कमधील ज्यू कुटुंबातील, हंटर महाविद्यालयाची पदवीधर व पियानोवादक होती. हा किताब मिळविणारी ती पहिली ज्यू तरुणी. आडनावावरून ज्यूपण कळते म्हणून ते बदलावे, अशी सूचना तिला करण्यात आली होती. ती तिने मानली नाही. यूरोपातील ज्यूंच्या संहाराची वार्ता जगाला नुकतीच कळली होती, त्याच वर्षी काही पुरस्कर्त्या कंपन्यांनी तिला आपल्या जाहिरातींसाठी बोलावण्याचे टाळले. किताबाच्या कारकीर्दीत तिने वंशद्वेषाविरुद्ध ठिकठिकाणी व्याख्याने दिली.

पोहण्याच्या पोशाखाचा वाद : विजेतीस पोहण्याच्या पोशाखातच मुकुट घालण्याची प्रथा १९४८ मध्ये बंद झाली, मात्र त्या पोशाखातील फेरी चालू राहिली. सप्टेंबर १९५० मध्ये निवडलेली अ‍ॅलाबॅमाची योलांद बेटबीझ ही शास्त्रोक्त गायिका होती. त्या पोशाखात देशभर दौरा करण्यास तिने नकार दिला. तेव्हा पोशाखनिर्मात्या कॅटलिना कंपनीने स्पर्धेचा पुरस्कार काढून घेतला आणि १९५२ मध्ये कॅलिफोर्नियातील लाँग बीच येथे ‘मिस यूएसए’ व ‘मिस युनिव्हर्स’ या वेगळ्या स्पर्धा सुरू झाल्या. त्या पहिल्याच ‘मिस युनिव्हर्स’ स्पर्धेत नर्तकी इंद्राणी रहमान यांनी भारताचे प्रतिनिधित्व केले. तोच किताब १९९४ मध्ये सुश्मिता सेन हिने मिळविला. अशा रीतीने एका विजेतीच्या नकारातून निर्माण झालेल्या स्पर्धेचा भारतातील सौंदर्यस्पर्धांशी दीर्घ संबंध जडला.

‘मिस अमेरिका’ स्पर्धेचे दूरचित्रवाणीवरून पहिले प्रक्षेपण १९५४ मध्ये झाले व ती घरोघरी पोहोचली. या प्रसिद्धीमुळेच ती निषेधाचेही व्यासपीठ बनली. ७ सप्टेंबर १९६८ रोजी स्त्रीमुक्तिवादी कार्यकर्त्यांनी सभागृहाबाहेरील लाकडी पदपथावर निदर्शने केली, एका मेंढीला मुकुट घातला आणि उंच टाचांचे जोडे, खोट्या पापण्या, कंबरपट्टे, काचोळ्या, केरसुण्या इ. वस्तू ‘स्वातंत्र्याच्या कचरापेटी’त टाकल्या. त्यांनी काचोळ्या जाळल्याची दंतकथा नंतर पसरली. वस्तुतः तेथे काहीही जाळण्यात आले नाही. त्याच दिवशी त्याच शहरात कृष्णवर्णीय तरुणींसाठी ‘मिस ब्लॅक अमेरिका’ ही स्वतंत्र स्पर्धा प्रथमच भरली. एका निषेधाचा रोख स्त्रियांचे परीक्षण करण्यावरच होता, तर दुसऱ्याचा त्या परीक्षणातून काही स्त्रियांना वगळण्यावर.

सप्टेंबर १९८३ मध्ये व्हनेसा विल्यम्स ही पहिली कृष्णवर्णीय मिस अमेरिका झाली. तिची जुनी नग्न छायाचित्रे एका मासिकाने तिच्या संमतीवाचून छापल्यामुळे जुलै १९८४ मध्ये तिला किताब सोडावा लागला व तो सुझेट चार्ल्स हिला मिळाला. विल्यम्स हिने पुढे गायिका व अभिनेत्री म्हणून मोठे यश मिळविले. २०१५ मध्ये स्पर्धेच्या प्रमुखाने व्यासपीठावरून तिची जाहीर क्षमा मागितली. हेदर व्हाइटस्टोन ही कर्णबधिर तरुणी सप्टेंबर १९९४ मध्ये, तर तेलुगू कुटुंबातील नीना दावुलुरी ही भारतीय वंशाची पहिली विजेती सप्टेंबर २०१३ मध्ये निवडली गेली. भारतीय नृत्यावर आधारलेला आविष्कार दावुलुरीने कलाफेरीत सादर केला होता. विजयानंतर समाजमाध्यमांतून तिच्यावर वांशिक स्वरूपाची टीका झाली. ती अमेरिकेतच जन्मली होती, हेही टीकाकारांनी लक्षात घेतले नाही.

निवडपद्धती : स्पर्धेची रचना तीन पायऱ्यांची आहे. स्थानिक स्पर्धेतील विजेती राज्यस्पर्धेत व राज्याची विजेती राष्ट्रीय स्पर्धेत उतरते. राष्ट्रीय पातळीवर साधारणतः ५० राज्ये व राजधानीचा प्रदेश यांच्या मिळून ५१ स्पर्धक असतात. प्राथमिक फेऱ्या अंतिम सोहळ्यापूर्वी काही दिवस चालतात. त्यांतील परीक्षकांशी होणारी खासगी मुलाखत प्रेक्षकांना दिसत नाही; तथापि निकालावर तिचा मोठा प्रभाव असतो. २०१० नंतरच्या दशकात प्राथमिक गुणांची विभागणी पुढीलप्रमाणे होती : कलागुण ३५ टक्के, खासगी मुलाखत २५, सायंकालीन पोशाख २०, पोहण्याचा पोशाख १५ व व्यासपीठावरील प्रश्न ५ टक्के. या गुणांवरून उपांत्य स्पर्धक निवडल्या जात. अंतिम रात्री त्यांची संख्या टप्प्याटप्प्याने कमी करून शेवटी उरलेल्यांचा क्रम परीक्षक लावीत. १९८९ पासून प्रत्येक स्पर्धकाने एखादे सामाजिक कार्य अंगीकारावे, अशी अपेक्षा ठेवण्यात आली.

पोहण्याच्या पोशाखाला दिलेले गुण थोडे असले, तरी वाद मुख्यतः त्यांवरूनच होत राहिला. १९९५ मध्ये ही फेरी ठेवावी की नाही, हा प्रश्न दूरध्वनीद्वारे प्रेक्षकांपुढेच ठेवण्यात आला. सुमारे ८० टक्के मते फेरीच्या बाजूने पडली. डिसेंबर २०१७ मध्ये संस्थेच्या प्रमुखाच्या पत्रव्यवहारातील माजी विजेत्यांविषयीचा अवमानकारक मजकूर उघडकीस आला व त्यास पद सोडावे लागले. १९८९ ची मिस अमेरिका ग्रेचन कार्लसन हिच्याकडे अध्यक्षपद आले आणि २०१८ मध्ये ही फेरी रद्द झाली. डिसेंबर २०१९ मध्ये कनेटिकट राज्यात झालेल्या स्पर्धेत कॅमिल श्रायर हिने कलाफेरीत हायड्रोजन पेरॉक्साइडच्या विघटनाचा रासायनिक प्रयोग करून दाखविला व किताब मिळविला. जानेवारी २०२४ च्या स्पर्धेत मात्र व्यायामाच्या पोशाखातील तंदुरुस्तीची फेरी आली. शरीराचे मूल्यमापन अशा रीतीने वेगळ्या नावाने परतले.

मूल्यमापन : या स्पर्धेने अनेक तरुणींना शिक्षणासाठी साहाय्य व सार्वजनिक जीवनात प्रवेश मिळवून दिला, हे मान्य करावे लागते. तथापि जाहीर केल्या जाणाऱ्या शिष्यवृत्त्यांची एकूण रक्कम व प्रत्यक्ष दिली जाणारी रक्कम यांत मोठी तफावत असल्याची टीका २०१४ मध्ये झाली. स्त्रियांच्या स्थानाविषयी समाजात उठलेल्या बहुतेक प्रत्येक वादाला स्पर्धेने एखादी फेरी वाढवून, एखादी वगळून किंवा गुणांची टक्केवारी बदलून उत्तर दिले. पोशाख, कला, वाक्‌चातुर्य व समाजसेवा यांना गुण देता आले. शिक्षणाच्या साहाय्यासाठी तरुणीने मुळात परीक्षकांपुढे अशा रीतीने का उभे राहावे, हा १९६८ च्या निदर्शकांचा प्रश्न मात्र गुणपत्रिकेच्या कोणत्याही फेरबदलाने सुटलेला नाही.