चंबळच्या घळी आणि पिसदुऱ्याची हाडे

दक्षिण दिल्लीतील मुनिरका हे टोकस गोत्राच्या जाटांचे जुने गाव आज चहूबाजूंनी शहराने वेढलेले असून, जवाहरलाल नेहरू विद्यापीठ व आयआयटी जवळ असल्याने तेथील भाड्याच्या खोल्या विद्यार्थ्यांनी आणि नोकरदारांनी भरलेल्या असतात. यांपैकी कोणी शनिवार-रविवार साधून मोटारीने घळींचा उजाड प्रदेश आणि डायनोसॉरची भूमी एकाच फेरीत पाहण्याचा बेत केला, तर भारताची भूरचनाच त्याच्या आड येते. कॅनडाच्या अल्बर्टा प्रांतात, जेथे १८८४ साली भूवैज्ञानिक जोसेफ टिरेल याला एका मांसाहारी डायनोसॉरची कवटी सापडली, तेथे नदीने कापलेला खडकच डायनोसॉरच्या काळातला असल्यामुळे घळी आणि हाडे एकत्र आढळतात. भारतात मात्र या दोन प्रदेशांत शेकडो किलोमीटरांचे अंतर आहे, आणि त्यांना जोडणारा धागा निसर्गाने नव्हे, तर दिल्लीहून चंबळ व नर्मदा ओलांडून नागपूरकडे जाणाऱ्या वाटेने पुरवला आहे. आजचा राष्ट्रीय महामार्ग ४४ बव्हंशी याच दिशेने जातो.

मुनिरक्याच्या पायाखालचा खडक या बाबतीत निरुपयोगी आहे. अरवलीच्या उत्तर टोकाशी असलेला तेथील क्वार्टझाइट, म्हणजे उष्णता व दाबाने घट्ट झालेला वाळूचा खडक, शंभर कोटी वर्षांहून जुना असल्याने त्यात प्राण्यांची हाडे असणे शक्यच नाही. मुनिरक्याहून आग्रामार्गे सुमारे २७५ किलोमीटरांवर धोलपूर लागते आणि तेथून मुरैनाकडे जाताना चंबळचा पूल येतो. पुलाच्या दोन्ही अंगांना पसरलेल्या घळींना स्थानिक लोक ‘बीहड’ म्हणतात. या घळी खडकात नसून नदीने आणून टाकलेल्या गाळात आहेत. नदीचे पात्र खोल होत गेले, तसे काठावरचे पावसाचे पाणी त्या पात्राकडे वेगाने धावू लागले आणि मऊ गाळ चिरत गेले. हा गाळ भूवैज्ञानिक मापाने अगदी अलीकडचा, तर डायनोसॉर साडेसहा कोटी वर्षांपूर्वी नामशेष झालेले. त्यामुळे येथे कितीही खणले, तरी त्यांचे हाड मिळणार नाही.

मराठी वाचकाला मात्र ही भूमी परकी नाही. १७३७ च्या आरंभी बाजीराव पेशव्यांच्या फौजांनी घळींच्या या मुलखातील भदावरच्या राजाला अटेर येथे वेढून खंडणी घेतली, आणि त्यानंतर मोगल सरदारांच्या सैन्यांना बगल देऊन बाजीराव मार्चअखेरीस थेट दिल्लीवर जाऊन थडकले. त्या स्वारीत मराठ्यांचा तळ ज्या कालकाजी व तालकटोरा परिसरात पडला, तो मुनिरक्यापासून फार दूर नाही. मल्हारराव होळकरांचे १७६६ साली निधन झाले, ते आजच्या भिंड जिल्ह्यातील आलमपूर येथे, आणि त्यांची छत्री तेथेच आहे. पुढे ग्वाल्हेरच्या शिंद्यांचे राज्य या घळींना भिडले. विसाव्या शतकात डाकूंमुळे या प्रदेशाची दहशत देशभर पसरली, तेव्हा मे १९६० मध्ये त्यांच्यापैकी काहींनी शस्त्रे खाली ठेवली, ती कुलाबा जिल्ह्यातील गागोद्यात जन्मलेल्या विनोबा भाव्यांपुढे. १९७२ साली जौरा येथे जयप्रकाश नारायण यांच्या उपस्थितीत झालेले मोठे समर्पण हे त्याच प्रयत्नाचे पुढचे पाऊल होते.

घळी आणि हाडे या दोन्ही कथा एकत्र येतात, त्या विल्यम हेन्री स्लीमन या कंपनी सरकारच्या अधिकाऱ्यापाशी. ठगांचा बंदोबस्त करणारा म्हणून तो इतिहासात प्रसिद्ध आहे आणि त्याला सर्वाधिक माहिती पुरवणारा माफीचा साक्षीदार फिरंगिया हा चंबळ-यमुनेच्या घळींतील सिंदौस परगण्याचा होता. परंतु फिरंगिया पकडला जाण्याआधीच, १८२८ साली, जबलपूर येथे असताना स्लीमनला बारा सिमला टेकडीपाशी दगड झालेली मोठी हाडे सापडली होती. हे जबलपूर त्याआधी दहाएक वर्षांपर्यंत नागपूरकर भोसल्यांच्या ताब्यात होते. रिचर्ड ओवेन याने ‘डायनोसॉर’ हे नाव सुचवले १८४२ साली. म्हणजे स्लीमनने उचललेल्या मणक्यांच्या धन्याला तेव्हा जगात नावच नव्हते. हे मणके पुढे कोलकात्यात जेम्स प्रिन्सेप याच्याकडे पोहोचले, शिवालिक टेकड्यांतील जीवाश्मांसाठी ख्यात असलेल्या ह्यू फाल्कनर याने त्यांचा अभ्यास केला आणि १८७७ साली रिचर्ड लायडेकर याने त्यांवरून ‘टायटॅनोसॉरस इंडिकस’ ही जाती स्थापन केली. त्यानंतर ते कोठे गेले, हे दीर्घकाळ कोणालाच ठाऊक नव्हते. त्यांतील एक मणका २०१२ साली कोलकात्याच्या संग्रहात पुन्हा ओळखला गेला आणि त्या शोधात भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणात दीर्घकाळ काम केलेल्या धनंजय मोहबे यांचा वाटा होता. गुजरातेत डायनोसॉरच्या घरट्यात वेटोळे घालून बसलेल्या सापाचा प्रसिद्ध जीवाश्मही मोहबे यांनीच शोधलेला आहे.

बारा सिमल्याची हाडे ज्या थरात मिळाली, त्याला नर्मदेवरील लमेटा घाटावरून लमेटा थर म्हणतात. तो दख्खनच्या लाव्हाखाली किंवा त्याच्या कडेला आढळतो, आणि लाव्हाने त्याला झाकले म्हणूनच तो टिकला. महाराष्ट्रात त्याचे सर्वांत समृद्ध स्थान चंद्रपूर जिल्ह्याच्या वरोरा तालुक्यात पिसदुरा येथे आहे. नागपूरला १८४५ मध्ये आलेले स्कॉटिश मिशनरी स्टीफन हिस्लॉप यांनी एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास येथील हाडे गोळा केली. ज्यांच्या नावाने आजही नागपुरात महाविद्यालय चालते, तेच हे हिस्लॉप. पुढे भूवैज्ञानिक चार्ल्स मॅटली यांनी पिसदुऱ्याला हाडांबरोबरच दगड झालेली विष्ठाही मोठ्या प्रमाणात जमवली. शेतात विखुरलेल्या या ओबडधोबड गोट्यांनी २००५ साली जगाला चकित केले. वनस्पतींच्या पेशींत साठणारे सिलिकाचे अतिसूक्ष्म कण त्यांत सापडले, त्यांतील काही गवताचे ठरले आणि डायनोसॉरच्या काळी गवत नव्हतेच, हा पाठ्यपुस्तकांतील समज मोडून पडला. पृथ्वीच्या इतिहासातील इतकी मोठी दुरुस्ती विदर्भातील एका गावच्या शिवारातून झाली, हे महाराष्ट्रातल्या प्रत्येक शाळकरी मुलाला माहीत असायला हवे. पिसदुऱ्याजवळच्याच डोंगरगाव येथे कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेच्या शास्त्रज्ञांनी १९८० च्या दशकात एका प्रचंड शाकाहारी डायनोसॉरचा सांगाडा काढला आणि त्याला २००३ साली त्या संस्थेच्या आद्याक्षरांवरून ‘आयसीसॉरस’ असे नाव मिळाले.

मुनिरक्याहून निघणाऱ्याने याचा हिशेब असा करावा. दोन दिवसांत चंबळची फेरी नीट होते; १९७९ मध्ये स्थापन झालेल्या अभयारण्यात हिवाळ्यात सुसर जातीतील घडियाल वाळूवर ऊन खात पडलेले दिसतात आणि घळी पायी पाहता येतात. मात्र अलीकडे ट्रॅक्टर व यंत्रांनी त्या सपाट करून शेते काढली जात आहेत, हे पाहणाऱ्याने लक्षात ठेवावे. जबलपूर आठशे किलोमीटरांच्या आसपास आणि वरोरा त्याहून बरेच पुढे असल्याने हाडांच्या प्रदेशासाठी आठवड्याची रजाच काढावी लागते. पिसदुऱ्याला दाखवण्याजोगा पर्वत नाही, दरी नाही. आहे ती काळी, सपाट, कापसाची जमीन. गुजरातेत बालासिनोरजवळच्या रैयोली येथे २०१९ साली डायनोसॉर संग्रहालय उघडले आणि तेथील टेकडीला कुंपण मिळाले. पिसदुऱ्याची हाडे मात्र नांगराच्या फाळाने वर येत राहिली, आणि डोंगरगावचा सांगाडा ज्यांना अभ्यासायचा आहे, त्यांना वरोऱ्याऐवजी कोलकाता गाठावे लागते.