फादर स्युरँची खिडकी

‘द एक्सॉर्सिस्ट’ (१९७३) हॉस्टेलवर पहिल्यांदा पाहिला तेव्हा भीती वाटली ती त्या मुलीची. परवा पुन्हा पाहिला आणि सगळं लक्ष फादर कॅरसकडेच. डळमळलेली श्रद्धा, स्वप्नात येणारी वारलेली आई, आणि शेवटी सैतानाला स्वतःच्या अंगात ओढून घेत खिडकीतून उडी. फिल्मी वाटतं ना? पण जवळपास असंच जगलेला एक जेझुइट पाद्री खरोखर होऊन गेलाय.

झाँ-जोझेफ स्युरँ. जन्म १६००, फ्रान्समधलं बोर्दो. डिसेंबर १६३४मध्ये त्याला लूदाँ गावी भूत उतरवायला पाठवलं. तिथल्या मठातल्या नन्सना दोन वर्षांपासून बाधा झाली होती. आधी रात्रीचे भास, मग त्यांच्या तोंडून सैतान बोलू लागले आणि त्यांनी गावातल्याच उर्बँ ग्रँदिए या पाद्रीवर आळ घेतला. सैतानाची साक्ष ग्राह्य धरली गेली! ऑगस्टमध्ये ग्रँदिएला जिवंत जाळलं. बाधा मात्र गेली नाही.

बाकीचे मांत्रिकासारखे दरडावत. स्युरँ मठप्रमुख झान दे झाँजच्या कानाशी हळू आवाजात बोलायचा. तिचा त्रास मला होऊ दे, असं त्यानं देवाकडे मागितलं. मे १६३५मधल्या एका पत्रात तो लिहितो, की आपल्या एकाच शरीरात जणू दोन आत्मे आहेत. एक क्रूसाची खूण करू पाहतो, दुसरा हात मागे खेचतो.

झान बरी झाली, पुढे फ्रान्सभर तिचा बोलबाला झाला. स्युरँ मात्र खचला. कित्येक वर्षं त्याला लिहिता येईना, धड कपडेही घालता येईनात. १६४५मध्ये साँ-माकेर इथं त्यानं खिडकीतून उडी मारली. मांडीचं हाड मोडलं, जीव वाचला.

याला आजच्या एखाद्या मानसिक आजाराचं नाव देणं सोपं आहे. कदाचित ते बरोबरही असेल. पण त्यानं त्याचं दुःख कळत नाही. कॅरसला देवाबद्दलच शंका होती. स्युरँला तेवढीही सोय नव्हती. देव आहे, आणि त्यानं मला कायमचं टाकलंय, अशी त्याची खात्री होती. नास्तिक माणसाला निदान झोप तरी लागते.

हळूहळू तो सावरला. हातात लेखणी धरवत नव्हती तेव्हा त्यानं एक अख्खं पुस्तक तोंडी सांगून लिहून घेतलं. १६६५मध्ये वारला. लूदाँची बाधा खरीच होती, हे त्याचं मत शेवटपर्यंत बदललं नाही. स्वतःवर त्यानं इतका संशय घेतला, ग्रँदिएविरुद्धच्या त्या साक्षीवर कधीच नाही.