नावात ब्रोकोली, पण ब्रोकोली नव्हे! घरच्या बागेत ‘ब्रोकोली राब’ कशी लावायची?

बियांच्या पाकिटावर ‘ब्रोकोली राब’ असं नाव वाचून अनेक जण ते घरी आणतात आणि हिरव्या गड्ड्याची वाट बघत बसतात. गड्डा काही येत नाही. उलट एके दिवशी झाडावर पिवळी फुलं दिसतात आणि दोन महिन्यांची मेहनत वाया जाते. ही चूक टाळायची असेल तर ही भाजी नेमकी काय आहे, हे आधी समजून घ्यायला हवं.

ही भाजी नेमकी कोणती?

इटलीत हिला ‘चिमे दी रापा’ म्हणतात, म्हणजे सलगमचे शेंडे. ‘रापिनी’ हे तिचं आणखी एक नाव. ब्रोकोली ही कोबी आणि फ्लॉवरच्या जातीची, म्हणजे ‘ब्रॅसिका ओलेरासिया’. ब्रोकोली राब मात्र ‘ब्रॅसिका रापा’ या जातीत मोडते. सलगम आणि बोक चोय याच जातीतले. त्यामुळे चवही मोहरीच्या पाल्याच्या जवळ जाणारी, कडवट आणि किंचित तिखट असते. पानं, कोवळे दांडे आणि न उमललेल्या कळ्या असं सगळंच खाल्लं जातं.

दक्षिण इटलीतल्या पुलिया भागात ‘ओरेकिएत्ते’ या छोट्या कानाच्या आकाराच्या पास्त्यासोबत ही भाजी खाण्याची पद्धत आहे. इटालियन स्थलांतरितांबरोबर ती अमेरिकेतही पोहोचली.

कधी लावायची?

हे थंडीचं पीक आहे. ऊन वाढलं की झाड पानं वाढवायचं सोडून थेट फुलावर येतं. पुलियात शरद ऋतूत पेरणी करून हिवाळ्यात काढणी होते. अमेरिकेच्या ईशान्य भागात मार्च-एप्रिल किंवा ऑगस्टअखेर ते सप्टेंबर अशा दोन वेळा पेरता येते. महाराष्ट्रात प्रयोग करायचा असेल तर ऑक्टोबरअखेर ते नोव्हेंबर ही वेळ धरावी.

इटालियन वाणांच्या नावातच काढणीचा अंदाज दिलेला असतो. ‘क्वारांतिना’ म्हणजे साधारण ४० दिवसांचं, ‘सेसांतिना’ ६० दिवसांचं आणि ‘नोवांतिना’ ९० दिवसांचं. थंडी कमी दिवस टिकत असेल तर ४० किंवा ६० दिवसांचं वाण घेणं शहाणपणाचं.

लागवड कशी करायची?

- रोप तयार करून हलवण्यापेक्षा बी थेट जागेवर पेरा. खोली साधारण १ सेंमी.
- दोन ओळींत ३० ते ४५ सेंमी अंतर ठेवा. कुंडीत लावणार असाल तर ती किमान २० सेंमी खोल हवी.
- माती भुसभुशीत आणि पाण्याचा निचरा होणारी असावी. त्यात कुजलेलं शेणखत किंवा गांडूळखत मिसळा.
- साधारण आठवड्याभरात बी उगवतं. रोपं बोटभर उंच झाली की विरळणी करून १० ते १५ सेंमीवर एक रोप ठेवा. उपटलेली रोपं फेकू नका, तीही खाता येतात.
- माती सतत ओलसर हवी, पण चिखल नको. पाण्याचा ताण बसला तर कडवटपणा वाढतो आणि फुलंही लवकर येतात.

किडींचं काय?

मावा, पानांना बारीक भोकं पाडणारे उड्या मारणारे भुंगेरे आणि कोबीवरच्या अळ्या हे नेहमीचे शत्रू. पेरल्याबरोबर बारीक जाळी टाकली तर भुंगेरे आणि अळ्यांचा त्रास बराच कमी होतो. माव्यासाठी पाण्याचा जोरदार फवारा किंवा निंबोळी अर्क वापरता येतो. कोबी, मुळा, मोहरी असलेल्या जागेवर लगेच हे पीक घेऊ नका. मातीतले रोग याच कुळातल्या भाज्यांवर टिकून राहतात.

काढणी केव्हा?

खरी परीक्षा इथेच आहे. कळ्या दिसल्या, पण घट्ट मिटलेल्या आहेत, हीच काढणीची वेळ. ही संधी मोजके दिवसच मिळते, म्हणून कळ्या धरल्या की रोज नजर ठेवा. शेंडा १५ ते २० सेंमी लांबीचा कापा आणि खालची पानं राहू द्या. बाजूने नवे फुटवे येतात आणि पुन्हा काढणी मिळते. फुलं उमलू लागली की दांडे चिवट होतात.

कडवटपणा कसा कमी करायचा?

मीठ घातलेल्या उकळत्या पाण्यात एक-दोन मिनिटं ठेवून लगेच थंड पाण्यात काढा. मग लसूण आणि सुक्या लाल मिरचीवर परतली की भाजी तयार. मेथीसारखी पीठ पेरूनही करता येईल.

एक काळजी मात्र घ्या. या भाजीत ‘के’ जीवनसत्त्व भरपूर असतं. वॉरफेरिनसारखं रक्त पातळ करणारं औषध सुरू असेल, तर आहारात हिचं प्रमाण वाढवण्याआधी डॉक्टरांशी बोला.