मायना, मजकूर आणि मोर्तब

कोल्हापूरच्या पुराभिलेखागारात करवीर राज्याचे मोडी कागद आहेत. मोडी शिकणाऱ्याला पहिली भीती वाटते ती अक्षराची. आम्ही म्हणतो, अक्षर राहू द्या, आधी कागदाची ठेवण बघा. वर 'श्री'. मग मायना, तो समोरच्याच्या दर्जावर ठरायचा. बरोबरीच्या सरदाराला 'राजश्री अमुक गोसावी यांसी', पुढं 'नमस्कार विनंति उपरी', आणि 'उपरी' आलं की खरा मजकूर सुरू. छत्रपतींचं पत्र असेल तर विनंती कुठली? तिथं 'आज्ञा केली ऐसी जे'. शेवटी 'छ' घालून चंद्राची तारीख, आणि मोर्तब. मोर्तब झालं की खाली एक ओळही वाढवता येत नाही.

म्हणजे धनी फक्त मजकूर सांगणार. बाकीचा कागद कारकून नियमानं उभा करणार. हे नियम लिहून ठेवलेले असत. हेमाडपंताच्या नावावर सांगितलं जाणारं 'मेस्तक' हे अशाच पत्रलेखनाचं पुस्तक. नियम ठाऊक असल्यामुळंच बनावट कागद आज सापडतो : मायना एका दर्जाचा नि मोर्तब भलतंच.

आता संगणकाकडं येऊ. १९७७ साली डोनाल्ड नूथ या गणितज्ञाला आपल्याच पुस्तकाची नवी मुद्रितं बघून वैताग आला आणि त्यानं 'टेक' रचायला घेतलं. लेखकानं साधा मजकूर लिहायचा, मध्ये खुणा टाकायच्या, आणि खुणेचा अर्थ काय तो स्वतः ठरवायचा. छापील पान यंत्र तयार करणार. पुढं लेस्ली लॅम्पोर्टच्या 'लाटेक'मध्ये पत्राचा वेगळा साचाच आला. त्यात मायन्याची खूण वेगळी, समारोपाची वेगळी, सहीची वेगळी. चिटणिशी दफ्तरातल्या कारकुनाला हे फार परकं वाटलं नसतं. फरक आहेच : कारकून प्रत्येक कागद हातानं लिही, इथं साचा एकदा बदलला की शंभर पत्रं बदलतात.

देवनागरीसाठी १९९१ मध्ये फ्रान्स वेल्थुइस यांनी 'देवनाग' केलं. रोमन अक्षरांत लिहायचं, कागदावर देवनागरी उतरायची. काम किचकट, पण मजकूर सुरक्षित.

आपल्याकडच्या डीटीपीत मात्र नेमकं उलट घडलं. अनेक फॉन्टांत इंग्रजी अक्षराच्या संकेतावर मराठी आकार बसवला होता. रूप आणि मजकूर एकमेकांत कालवले गेले. फॉन्ट गेला की फाइल उघडते, पण मराठीऐवजी निरर्थक रोमन अक्षरं दिसतात. कितीतरी स्मरणिका, गावांचे इतिहास, संस्थांचे अहवाल अशा फाइलींत अडकलेत. आमच्या मते हे नुकसान कसर लागलेल्या रुमालाएवढंच मोठं आहे. रुमालातलं उरलेलं अक्षर निदान डोळ्याला दिसतं तरी.

यावर उपाय आहे, आणि तो कष्टाचा आहे. अशा फाइली युनिकोडमध्ये उतरवायच्या, जोडाक्षरं नि ऱ्हस्व वेलांट्या मूळ छापील प्रतीशी ताडून बघायच्या आणि मजकूर साध्या रूपात ठेवायचा. २००४ मध्ये आलेलं 'झीटेक' युनिकोड देवनागरी सरळ घेतं, त्यामुळं पुस्तकाचं रूप नंतर हवं तसं देता येतं. छापील प्रती हाताशी आहेत तोवर हे ताडणं शक्य आहे.