वेळापत्रकामागची माणसे

पाठीवर पिशवी टाकून आगगाडीने युरोपभर हिंडणाऱ्या तरुणाचे आपल्याला कौतुक वाटते. गाव परके, भाषा परकी, तरी तो नेमकी गाडी गाठतो. यात त्याची हुशारी आहेच. पण ज्या सोयींच्या आधारे तो वाट काढतो त्या कोणी उभ्या केल्या, हे पाहण्यासारखे आहे.

पहिला प्रश्न घड्याळाचा होता. एकोणिसाव्या शतकात कॉन्स्टन्स सरोवराच्या काठी बाडेन, व्युर्टेंबर्ग, बव्हेरिया, ऑस्ट्रिया आणि स्वित्झर्लंड यांच्या पाच वेगवेगळ्या वेळा चालत. सरोवर ओलांडले की घड्याळाचे काटे फिरवावे लागत! १८९१ साली वृद्ध सेनापती मोल्टके यांनी जर्मन संसदेत एकाच वेळेचा आग्रह धरला, आणि १ एप्रिल १८९३ पासून साऱ्या जर्मनीत एक वेळ आली. सेनापतींच्या मनात फौजांची हालचाल होती. आज तीच वेळ पोरांच्या सहलीला उपयोगी पडते.

दुसरा प्रश्न माहितीचा. टॉमस कुक कंपनीने १८७३ साली युरोपातील गाड्यांचे वेळापत्रक काढले. नकाशावर मार्गाचा क्रमांक पाहायचा, त्या क्रमांकाचा तक्ता उघडायचा आणि गाडी कुठे बदलायची ते ठरवायचे. पुढे स्थानकांवरही खुणा आल्या. जर्मनीत सुटणाऱ्या गाड्यांचा तक्ता पिवळा, येणाऱ्यांचा पांढरा. अक्षर न कळले तरी रंग कळतो.

तिसरा प्रश्न पैशांचा. आंतरराष्ट्रीय रेल्वे संघाला ५० वर्षे झाली म्हणून १९७२ साली ‘इंटररेल’ पास निघाला. २१ वर्षांपर्यंतच्या तरुणांना एका पासावर २१ देशांत महिनाभर फिरता येऊ लागले. योजना एकाच वर्षापुरती होती. ती आजही चालू आहे आणि वयाची अटही उरलेली नाही.

दुसऱ्या महायुद्धातला खंड सोडला तर कुकचे वेळापत्रक २०१३ पर्यंत निघाले. त्या वर्षी कंपनीने ते बंद केले. तेव्हा ते तयार करणाऱ्या मंडळींनीच स्वतःची लहान संस्था काढली आणि २०१४ साली तेच काम पुन्हा सुरू केले. मालकाने हिशेब मिटवला, पण ज्यांच्या हातांना त्या आकड्यांची सवय होती त्यांनी काम मिटू दिले नाही!

आता मोबाइल फोन क्षणात गाडी दाखवतो. पण पडद्यावरचा आकडा खरा ठरतो तो रूळ तपासणारा, सिग्नल सांभाळणारा आणि गाडी हाकणारा वेळेवर कामावर येतो म्हणून. प्रवासी एकटा असला तरी त्याची वाट अनेकांनी मिळून आखलेली असते.